गळ्याइतकं पाणी

कारभारी भराड्याला त्याच्या बापानं गाणं शिकवलं ते कोरड्या विहिरीत उभं करून. बाप काठावर बसायचा, तंबाखू मळायचा आणि खाली ओरडायचा, "वर फेक आवाज. वरच्या मानसाला ऐकू आलं न्हाई तर तू खालीच मेलास म्हनून समज." खाली तापलेले दगड, पारव्यांची घाण आणि मधोमध लहानगा कारभारी. आवाज दगडांवर आपटायचा आणि परत त्याच्याच अंगावर यायचा. पुढं मोठेपणी तो कुठंही गायला, मांडवात, खळ्यावर, देवळाच्या ओट्यावर, तरी त्याच्या आवाजात ती विहीर राहिलीच. ऐकणाऱ्याला वाटायचं, कुणीतरी खालून बोलतंय आणि आपण काठावर उभे आहोत.

तिसगावच्या बाजारातून डोंगराकडं तोंड केलं की उतारावर निंबखेडं लागतं. गावात भराड्यांची घरं दोनच. एक कारभारीचं, दुसरं त्याच्या चुलतभावाचं, छगनचं. नाथपंथी माणसं. गळ्यात काळ्या लोकरीची शैली, तिला शिंगाची इवली शिट्टी आणि खांद्याला डौर. डौर म्हणजे डमरूचा थोरला भाऊ. मध्ये बारीक, दोन्ही तोंडांना कातडं. कारभारी डौर वाजवून गायचा, छगन तुणतुणं धरून मागून सूर ओढायचा. जमीन नव्हती. कुणाचं लग्न झालं की नवरा-नवरीच्या नावानं भराड घालायचं, म्हणजे रात्रभर गायचं, सुगीत खळ्यावर जायचं, दारात उभं राहून त्या घरातल्या मेलेल्या माणसांची नावं घ्यायची आणि पदरात पडेल ते धान्य घेऊन पुढं व्हायचं. गावातल्या प्रत्येक घराचे मेलेले कारभारीला पाठ होते. जिवंतांच्या मात्र तो फारसा ध्यानात नसायचा.

बायको राहीबाई जामखेडकडची, भराड्याचीच लेक. तिचा गळा कारभारीपेक्षा गोड होता हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि ते कधी बोलायचं नाही हेही ठाऊक होतं. एकुलता एक मुलगा गोरक्षनाथ संगमनेरला दुधाच्या गाडीवर लागला होता. तो डौराला हात लावत नसे. "कातड्याचा वास येतो," म्हणायचा. वर्षाकाठी एकदा घरी यायचा आणि दारातच बाज टाकून झोपायचा.

या सगळ्या आयुष्यात कारभारीचा म्हणावा असा एकच दिवस होता. चैत्रातल्या जत्रेचा दुसरा दिवस. त्या दिवशी दुपारी नाथाच्या बारवेवर आवडाईची कथा व्हायची. ही कथा उन्हातच म्हणायची, कारण दिवस मावळल्यावर विहिरीत डोकावू नये.

कथा अशी. पूर्वीच्या एका पाटलानं बारव खोदली, पाणी लागेना. स्वप्नात दृष्टांत झाला की धाकटी सून खाली उतरली तर पाणी येईल. आवडाई उतरली. पायरीपायरीनं पाणी चढत गेलं आणि प्रत्येक पायरीवर तिनं घरच्या एकेकाला निरोप धाडला.

जोडव्याला लागलं पाणी, सासऱ्याला सांगा जा
तुमच्या मळ्याची तहान माझ्या पायी आली बघा

गुडघ्याला लागलं तेव्हा तिनं सासूला सांगितलं, कमरेला लागलं तेव्हा नवऱ्याला. काठावर सगळे उभे होते. कुणी वर ये म्हणेना. वर घेतली आणि पाणी गेलं तर?

गळसरीला लागलं पाणी, आता कुणाला सांगू मी

इथं भराड्यानं थांबायचं. डौर थांबवायचा, तुणतुणं थांबवायचं. एक शब्द बोलायचा नाही. बारवेच्या काठानं गाव बसलेलं असायचं आणि सगळ्यांच्या हातात मोटेचा एक लांबच लांब नाडा असायचा. मग बायांमधून हाक उठायची, "ये गं वर, आवडाई, ये गं वर," आणि सगळं गाव नाडा ओढायला लागायचं. म्हातारे, सुना, कालपर्यंत बांधावरून भांडलेले भाऊ, सगळे. त्यांची हाक आली की मगच डौर पुन्हा बोलायचा आणि कारभारी तिला पायरीपायरीनं वर घेऊन यायचा. पाणी जायचं नाही. गावानं मागितलं म्हणून ते राहायचं. निंबखेड्याची माणसं परगावच्या पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायची, "घरच्यांनी उतरवली, आमी वर काढली."

बापानं मरताना दोन गोष्टी बजावून ठेवल्या होत्या. एक, हाक गावाची. ज्यानं उतरवलं त्यानंच वर बोलावलं तर ती हाक खोटी. भराड्याच्या घरातून ती कधी निघता कामा नये. दुसरी, आवडाई वर आल्याशिवाय डौर भुईला टेकवायचा नाही.

कारभारीनं दोन्ही पाळल्या. आणि त्या पाळल्या म्हणूनच तो बुडाला.

१९७२ च्या वैशाखात तिसगावच्या शाळेतले डेव्हिड मास्तर त्याच्याकडं आले. मास्तर मिशनच्या शाळेत शिकलेले, पेटी वाजवणारे, चांगल्या मनाचे गृहस्थ. चैत्रात त्यांनी कथा ऐकली होती आणि तेव्हापासून त्यांना झोप नव्हती.

"कारभारी, रेडिओ केंद्राला लिहिलं होतं मी तुमच्याबद्दल. बोलावणं आलंय. आवडाईची कथा म्हणायची. सगळ्या महाराष्ट्रात ऐकू जाईल."

कारभारी हात जोडून उभा होता. "ती बारवेवर म्हनत्यात मास्तर. आन जत्रेच्या दिशी."

"अहो, बारव तुमच्या गळ्यातच आहे."

हे ऐकून कारभारी लाजला. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाला एवढं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं. राहीबाई चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "तितं नाडा कोन धरनार?"

"गप बस," कारभारी म्हणाला.

शहरातलं ते रेडिओ केंद्र म्हणजे थंडगार, मुकी जागा. भिंतींना भोकं भोकं असलेल्या फळ्या, पायाखाली जाजम. कारभारीनं डौरावर थाप मारून पाहिली आणि तो दचकला. आवाज परत आला नाही. भिंतीनं तो गिळला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज गेला तो गेलाच.

काचेपलीकडं एक साहेब बसले होते. आत येऊन ते आदबीनं म्हणाले, "बुवा, लाल दिवा लागला की सुरू करा. थोडक्यात हं. आपल्याकडे वेळ बेताचाच असतो."

दिवा लागला. कारभारीनं डोळे मिटले आणि आवडाईला उतरवलं. जोडवी, गुडघे, कंबर. छगनचं तुणतुणं सुईसारखं चाललं होतं. काचेपलीकडची माणसं हातातलं काम सोडून ऐकत होती. गळसरीला पाणी लागलं आणि कारभारीनं डौर थांबवला.

आणि तो वाट बघत राहिला.

त्याला माहीत नव्हतं असं नाही. इथं गाव नाही, बाया नाहीत, नाडा नाही, हे त्याला दिसत होतं. पण चाळीस वर्षांचा गळा त्या ओळीवर थांबायचा तो हाक ऐकेपर्यंत. पुढचा शब्द त्याच्या तोंडात येतच नव्हता. छगननं हळूच कोपर मारलं. कारभारीनं त्याच्याकडं असं पाहिलं की छगननं मान खाली घातली.

लाल दिवा विझला. साहेब दार उघडून आत आले. "वा! वा बुवा! काय शेवट केलात! अंगावर काटा आला."

"शेवट न्हाई सायेब. आता गाव हाक देईल."

"कुठलं गाव?"

"आमचं. निंबखेडं."

साहेबांनी छगनकडं पाहिलं, मग पुन्हा कारभारीकडं. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. वेळ मात्र नव्हता. "बुवा, इथं कुठलं गाव आणणार? आणि खरं सांगू, हे असंच चांगलं आहे. ऐकणाऱ्याच्या मनात ती पाण्यात उभी राहील."

"तेच वंगाळ हाय," कारभारी म्हणाला. पण तोवर पुढचं भजनी मंडळ टाळ घेऊन दारात उभं होतं.

एस.टी.त त्यानं डौर मांडीवर धरला होता. तिसगाव जवळ आलं. मग छगन म्हणाला, "दादा, म्या दिली असती हाक तर काय झालं असतं?"

"खोटी झाली असती."

"रेडिवोला काय कळतंय?"

"आवडाईला कळतंय की."

छगन हसला. त्याला ते हसू आवरता आलं नाही, आणि कारभारीला ते पुढं कधी विसरता आलं नाही.

घरी आल्यावर त्यानं डौर खुंटीला टांगला. भुईला टेकला नाही म्हणजे बापाचं वचन मोडलं नाही, अशी मनाची समजूत घातली. पुढच्या चैत्रात बारवेवर गाव हाक देईल, बाई वर येईल, फिटेल. फक्त राहीबाईला सांगितलं. ती म्हणाली, "तितल्या भिताडालाच हाक द्याया लावायची हुती."

श्रावणात एका संध्याकाळी ते गाणं लागलं. मास्तरांनी आधी कळवलं होतं. चावडीतला पंचायतीचा रेडिओ सरपंच आप्पासाहेबांनी बाहेर ओट्यावर आणून ठेवला आणि सगळं गाव जमलं. पाऊस नव्हता. मृग गेला, आर्द्रा गेल्या, पेरलेलं जळून गेलं होतं; करायला काही काम नव्हतं, म्हणून माणसं जरा जास्तच जमली. कारभारीला आप्पासाहेबांनी स्वतःशेजारी बसवलं. असं कधी घडलं नव्हतं. त्यानं धुतलेलं धोतर नेसलं होतं.

डब्यातून डौर वाजला. "आरं, आपला कारभारी!" कुणीतरी ओरडलं. मग सगळे चिडीचूप. पाणी जोडव्याला लागलं, गुडघ्याला लागलं. बाया पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. गळसरीला पाणी लागलं, डौर थांबला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीनं निंबखेड्याच्या बायांनी त्या डब्याला हाक दिली, "ये गं वर, आवडाई, ये गं वर!"

त्या हाकेवरच एक बाई बोलायला लागली. शहरी, गुळगुळीत आवाजाची. आता ऐका बाजारभाव. कांदा, भुईमूग, गूळ.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग पोरं फिदीफिदी हसली. मग मोठी माणसं हसली, कारण आपणच डब्याशी बोललो याची त्यांना लाज वाटली होती. कारभारी आप्पासाहेबांच्या शेजारी बसून होता. त्याला उठता येईना.

आक्काबाई गावातली सगळ्यात जुनी. दर वर्षी पहिली हाक तिची असायची. ती हसली नव्हती. ती म्हणाली, "कारभाऱ्या, बाई पान्यातच राह्यली की रं."

"चैत्रात काढू आक्का."

"तवर काय करंल ती?"



त्या साली पुढंही पाऊस आला नाही. सगळ्या मुलखातच आला नाही, पण निंबखेड्याला आपलं कारण सापडलं होतं: कारभारीनं बाई पाण्यात सोडली. आधी ते चेष्टेत होतं. "काय रेडिवो, आज पाऊस हाय का?" "अरं, त्याला नका इचारू, त्यो निम्म्यातच बंद पडतो." दिवाळीपर्यंत चेष्टा आंबली. कारभारी दारात उभा राहिला की बाया आतूनच "म्होरं व्हा बाबा" म्हणायला लागल्या. एकीनं तर आपल्या सासऱ्याचं नाव घेऊ दिलं नाही. "नगा घेऊ. त्यास्नी तरी तितं सुखानं राहू द्या." घराघरातले मेलेलेही त्याच्याकडून काढून घेतले गेले.

मग दुष्काळी कामं निघाली. कारभारी आणि राहीबाई खडी फोडायला गेली. गावही तिथंच होतं. पाटील, माळी, भराडी एका रांगेत उकिडवे बसून दगडावर हातोडी मारत होते. खायला परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सरकारी सुकडी. डौराच्या तालावर वाढलेले कारभारीचे हात हातोडीला लवकर सरावले. ठोके तालात पडायचे. शेजारचा श्रीमंत कोल्हे, नावापुरताच श्रीमंत, म्हणायचा, "तालात नगं मारू लेका. अजून कोन तरी बुडायचं."

कारभारी हातोडी मारत राहायचा. त्याचं सगळं लक्ष चैत्राकडं लागलं होतं. एक हाक. एवढंच त्याला हवं होतं. गावानं एकदा हाक द्यावी, त्यानं तिला वर आणावं, मग गावानं भीक नाही घातली तरी चालेल. तो रात्री बरळायचा ते राहीबाई ऐकायची. पायऱ्या मोजत असायचा, खालून वर.

माघात तो आप्पासाहेबांच्या वाड्यावर गेला. उंबऱ्याबाहेर बसला.

"यंदा जत्रा नाही कारभारी," आप्पासाहेब म्हणाले. "बारवेतच काम काढलंय. खोल करायचीय. प्यायला पाणी नाही, तू गाणं कुठं घेऊन बसलास?"

"जत्रा नगं, मांडव नगं. म्या एकटा हुबा ऱ्हाईन काठाला. गावानं निस्ती हाक द्यावी."

"लोक चिडलेत तुझ्यावर."

"म्हनूनच म्हनतो. बाई वर आली का लोकांचं बी मन निवंल."

आप्पासाहेब वाईट नव्हते. त्यांना गाव शांत ठेवायचं होतं आणि पुढच्या वर्षी निवडणूक होती. "बरं," ते म्हणाले. "दुपारची सुट्टी देऊ काम थांबवून. पण लवकर आटप."

चैत्राच्या त्या दुपारी बारवेवर गाव जमलं. सणाचे कपडे नव्हते, बायांच्या डोक्यावर फुफाटा होता. तरी आक्काबाईनं घरातून मोटेचा नाडा आणवला होता. मोटा बंद होऊन गेल्या होत्या, नाडा तेवढा कथेपुरता राखलेला. तिनं त्याचं टोक धरलं, मग एकेकानं हात लावला. कारभारीनं ते पाहिलं आणि त्याच्या छातीतली वर्षभराची कळ जराशी सैल झाली. छगन तुणतुणं घेऊन मागं उभा राहिला. राहीबाई बायांपासून लांब, एका ढिगाऱ्यावर बसली. खाली बारवेच्या तळाशी भीमा वडार आणि त्याचा भाऊ पहारी घेऊन तसेच थांबले होते. वर येऊन परत उतरायचा त्यांना कंटाळा होता.

डौर बोलला. या वेळी आवाज दगडांवर आपटून परत आला. कारभारीनं कोरड्या बारवेत आवडाईला उतरवलं. गाणारा खंगला होता, पण गळा खंगला नव्हता. जोडव्याला पाणी लागलं तसं म्हाताऱ्यांनी डोळे टिपले. गुडघ्याला लागलं. कमरेला लागलं, आणि तेवढ्यात खालून भीमा वडार ओरडला, "ओल हाय! आवं, ओल लागली!"

सकाळी सुरुंग उडवला होता. दगडाच्या फटीतून आता पाणी झिरपायला लागलं होतं. तळहाताएवढी ओल, मग तिच्यावर चमक, मग एक बारीक धार.

गाव काठावर वाकलं. कारभारी थांबला नाही. त्याला थांबता येत नव्हतं. त्यानं गळसरीची ओळ म्हटली, आता कुणाला सांगू मी, आणि डौर थांबवला.

बारवेत पाण्याचा आवाज येत होता. थेंब थेंब. आक्काबाईनं हाक द्यायला तोंड उघडलं.

"थांबा!" आप्पासाहेब म्हणाले. त्यांचा हात वर होता. "जरा थांबा. पाणी येतंय."

"येतंय तर येऊ द्या की," कारभारी म्हणाला. कथेच्या मध्ये तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला. "हाक द्या. कथंत पानी जात न्हाई."

"कथेतलं कथेत राहू दे. इथं गेलं तर?"

"मागल्या साली तुमीच म्हन्ला, बाई पान्यात राह्यली म्हनून पानी गेलं!"

"ते रेडिओतल्या पाण्याचं," आप्पासाहेब म्हणाले. "हे आपल्या बारवेचं आहे."

कुणी हसलं नाही. सगळे खाली पाहत होते. नाडा अजून सगळ्यांच्या हातात होता, ढिला. कारभारी एकेका चेहऱ्याकडं बघत होता. यांचे बाप, आजे, पणजे त्याला पाठ होते. कोण साथीत गेला, कोण बाळंतपणात, कोण मेंढरांमागं. तो आक्काबाईपुढं आला. "आक्का, तू दे. तुझी पैली हाक."

आक्काबाईनं खाली पाण्याकडं पाहिलं. मग आपल्या सुनेकडं, रतनबाईकडं पाहिलं. रतनबाई रोज पहाटे घागर घेऊन निघायची आणि उन्हं तापल्यावर परतायची. तिच्या डोक्यावरचे केस चुंबळीनं झिजले होते.

"राहू दे रं तिला, कारभाऱ्या," आक्काबाई म्हणाली. "गळ्याइतक्या पान्यात तरी हाय. माझी सून कोरडी मरायलीय."

आता मात्र गाव हसलं. सुटल्यासारखं हसलं. आक्काबाईनं नाडा सोडला, मग शेजारणीनं सोडला. नाडा धुळीत पडला.

त्या हशात एक हाक आली. "ये गं वर, आवडाई, ये गं वर!" राहीबाई ढिगाऱ्यावर उभी राहिली होती. तिचा गोड, कधी कुणी न ऐकलेला गळा बारवेत उतरला आणि दगडांवरून परत आला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"भराडनीची हाक चालत न्हाई," श्रीमंत कोल्हे म्हणाला.

खरंच होतं ते. कारभारीच्या बापानंच तसं सांगून ठेवलं होतं. कारभारीनं बायकोकडं पाहिलं, आणि नाही म्हणून मान हलवली.

माणसं घागरी आणायला पांगली. तो उन्हात तसाच उभा राहिला, डौर छातीशी धरून. छगननं तुणतुण्याची तार सैल केली आणि म्हणाला, "चल दादा." मग तोही गेला.

त्या दिवसापासून कारभारीनं डौर खाली ठेवला नाही. खुंटीलाही टांगला नाही. आता पळवाट काढावीशी त्याला वाटेना. पाठीशी बांधून तो खडी फोडायला जायचा. मुकादम म्हणायचा, "ते गाठोडं उतरव की, काम व्हईल जरा." तो ऐकायचा नाही. जेवताना पाठीवर, झोपताना पोटावर. खडीचे कण उडून कातडं चिरलं, मग फाटलं. डौर मुका झाला तरी तो बांधलेलाच.

बारवेला पाणी टिकलं. फार नव्हे, पण गाव तगलं. आणि पुढच्या ज्येष्ठात, १९७३ साली, पाऊस असा लागला की ओढ्यांना वाट पुरेना. मुलखातच लागला होता, पण निंबखेड्याला त्याचंही कारण माहीत होतं. बाईला पाण्यात ठेवलं म्हणून बाई पावली. बारवेच्या पायरीशी एक दगड बसवला गेला. त्याला फक्त तोंड होतं, गळ्यापर्यंत. शेंदूर लावून, नाकात नथ घालून. पाणी चढलं की ते नेमकं गळ्याशी यायचं आणि बाया हात जोडायच्या. गावच्या तोंडची फुशारकीही बदलली. पाहुण्यांना आता सांगत, "आमच्या बारवंत आवडाई हुबी हाय."

पुढच्या चैत्रात जत्रा झाली, मोठी झाली. आप्पासाहेबांनी कारभारीला बोलावणं धाडलं. कथा गळ्यापर्यंतच म्हणायची, तिथं नारळ फोडायचा, संपलं. डेव्हिड मास्तरही आले होते. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते तसं म्हणाले. "पण कारभारी, तुम्ही नाही म्हणालात तर कथाच जाईल हो."

"गेली की ती," कारभारी म्हणाला.

कथा छगननं म्हटली. नवा डौर आणला होता. आवाज बेताचा, पण लाऊडस्पीकर होता. गळसरीशी तो थांबला, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. ज्या मुलांनी पहिल्यांदाच कथा ऐकली, त्यांना पुढं काही आहे हे कळलंही नाही. छगनला गावानं फेटा बांधला. तो फेटा बांधून कारभारीच्या पाया पडायला आला. कारभारीनं पाय मागं घेतले नाहीत. आशीर्वादही दिला नाही.

त्या बारवेच्या पाण्याला कारभारीनं तोंड लावलं नाही. पण राहीबाईच्यानं लांबून पाणी आणणं होईना. गुडघे गेले होते. मग ती बारवेवरच जायची, आणि तो तिच्यासोबत काठापर्यंत. उन्हात, बाया नसताना. तो वर बसायचा, फाटका डौर पाठीशी. ती एकेक पायरी धरून उतरायची. खाली त्या शेंदरी तोंडाजवळ घागर बुडवायची आणि भरेपर्यंत हळू आवाजात म्हणत राहायची, "ये गं वर, आवडाई, ये गं वर."

काठावर त्याला ते ऐकू यायचं. त्या दगडांतून सगळंच ऐकू यायचं.

"तुझ्या हाकंनं न्हाई यायची ती," एकदा तो वरून म्हणाला. "किती डाव सांगू?"

राहीबाईनं भरलेली घागर कमरेवर घेतली, एक हात भिंतीला लावला आणि वर पाहिलं.

"न्हाई यायची तर न्हाई," ती म्हणाली. "तुमी हात द्या. मला तरी वर घ्या."

तो उठला. दोन पायऱ्या उतरला. डौर पाठीवरून पुढं आला आणि मध्ये आडवा झाला, हात पोचेना. तो सोडून ठेवायला भुई होती, अगदी पायाशी. कारभारी तसाच वाकून उभा राहिला, एक हात डौराला, एक हात खाली. राहीबाईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग घागर सावरत, भिंत धरत, ती आपली आपण वर यायला लागली.